साठच्या आत

बाबांनी कचऱ्याच्या काळ्या पिशवीच्या बुडाला कात्रीने तीन भोकं पाडली, एक डोक्यासाठी आणि दोन हातांसाठी, आणि पिशवी झटकून लुसेआनेच्या अंगात घातली. तिने हात वर धरले होते, लहान मूल कपडे घालून घेताना धरतं तसे. पिशवीवर गंजी, गंजीवर रग्बी क्लबची जाड जर्सी, आणि सगळ्यांत वर बाबांचा स्वतःचा लोकरी सदरा, गुडघ्यांपर्यंत येणारा.

"काखेत काचत नाही ना?"

"नाही बाबा."

"मग झालं तर. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं आणि परत यायचं. आठ फेऱ्या. तहान लागली तर?"

"चूळ भरून थुंकायची."

"आणि कोणी विचारलं, की जेवत का नाहीस?"

"चर्चचा उपास आहे."

"शाबास."

जूनमधली, म्हणजे इथल्या हिवाळ्यातली संध्याकाळ होती. साडेपाचलाच अंधारून आलं होतं आणि मांगेरेच्या त्या गल्लीत कुंपणांच्या तारांवर दव धरायला लागलं होतं. बाबा पायरीवर बसले, उजवा पाय त्यांनी दुधाच्या पालथ्या क्रेटवर ठेवला. तो पाय वर्षातून तीन-चार वेळा सुजायचा. का, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. आपल्या बेटावर, टोंगात असताना, संघनिवडीच्या सामन्यात, शेवटच्या पाच मिनिटांत त्यांचा घोटा मुरगळला होता. नाहीतर ते देशाकडून खेळले असते. ही गोष्ट लुसेआने इतक्या वेळा ऐकून होती, की त्या मैदानातला खड्डा कुठे होता हेही तिला सांगता आलं असतं.

चौथ्या फेरीला समोरच्या घरातली, तिच्याच संघातली मुलगी सायकलवरून आडवी आली. चालताना होणारा चुरचुर आवाज तिने ओळखला.

"अगं लूसी, कचऱ्याची गाडी काल येऊन गेली! तुला न्यायची विसरले वाटतं."

"हस तू. शनिवारी माझ्या मागे पळताना हसशील का बघते."

"आधी काट्यावर तर उभी राहा."

काटा सेइनी आत्याच्या न्हाणीघरात होता. आत्या दोन घरं सोडून राहायची आणि संघाची व्यवस्था बघायची: जर्सी धुणं, संत्री चिरणं, मुलींची नावं पाठवणं. आठवी फेरी संपली की लुसेआने तिच्याकडे जाई. बाबा दाराशीच थांबत. सख्खी थोरली बहीण, टोंगाच्या रीतीने तिच्या खोलीत ते पाऊल टाकत नसत, तिच्यासमोर खुर्चीतही बसत नसत. घरात बाबांच्या शब्दापुढे शब्द नव्हता, एक आत्याचा सोडला तर. लुसेआनेचं नाव आत्याने ठेवलं होतं. शाळा आत्याने ठरवली होती. केस कापायचे की नाही हेही तिलाच विचारायचं असे.

"बासष्ट पॉइंट एक," आत्याने वाकून वाचलं आणि हातातल्या छोट्या वहीत लिहिलं. मग दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "पाउलिआसी, अजून दोन किलो. दिवस दोनच आहेत."

"उतरेल," बाबा बाहेरून म्हणाले. "माझी पोर आहे ती."

तिच्या वयाच्या मुलींचा गट साठ किलोखालचा होता. वजन साठच्या वर गेलं की वय कितीही असो, मुलगी मोठ्या गटात जायची. गेल्या वर्षी लुसेआने बारा वर्षांची होती आणि पंधरा वर्षांच्या मुलींशी खेळली होती. तिसऱ्याच सामन्यात तिचं डोकं आपटलं आणि दोन दिवस तिला उजेड सहन झाला नाही. बाबा ते दोन दिवस खिडकीला चादर धरून उभे होते, कारण पडदा नव्हता. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की पुढच्या वर्षी ही तिच्या वयाच्या मुलींतच खेळेल. आणि या शनिवारी उपांत्य सामना होता, पुढच्या शनिवारी अंतिम. अंतिम सामन्याला एका मुलींच्या निवासी शाळेच्या दोन बाया येऊन बसणार होत्या. त्या दरवर्षी दोन मुली निवडत. राहणं, शिकणं, सगळं शाळेकडून.

लुसेआनेला ती शाळा हवी होती. पण त्याहून जास्त तिला हे हवं होतं, की बाबांनी काट्याकडे बघून एकदा मान हलवावी.

*

शुक्रवारी सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत कालिसी मिस टेबल मांडून बसल्या होत्या. त्या विद्यापीठातून संशोधनासाठी येत. मुलांची उंची, वजन, कमरेचा घेर, मग बीपच्या तालावर धावणं, आणि शेवटी बोटाला सुई टोचून रक्तातलं युरिक ॲसिड. पहिल्या सत्रात एकदा झालं होतं, आता दुसरी खेप होती. मुलांना नावं नव्हती, क्रमांक होते. लुसेआने म्हणजे एम-सतरा.

"या, एम-सतरा," मिस म्हणाल्या. "माझा आवडता ठिपका."

"आवडता-नावडता असं शास्त्रात चालतं का मिस?"

"चालत नाही. कोणाला सांगू नकोस."

गेल्या खेपेला त्यांनी तिला संगणकावरचा आलेख दाखवला होता. आडव्या रेषेवर वजन, उभ्या रेषेवर धावणं. ठिपक्यांचा अख्खा थवा डावीकडून उजवीकडे उतरत गेलेला, जितकं वजन जास्त तितका दम कमी. आणि उजवीकडे वर, सगळ्यांपासून लांब, एकटा एक ठिपका. "ही तू," मिस म्हणाल्या होत्या. "सगळे म्हणतात जाड मूल म्हणजे आजारी मूल. मला हा ठिपका समजून घ्यायचाय." आपल्याबद्दल कोणाला काही समजून घ्यायचं आहे, हे लुसेआनेने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिच्या वजनाबद्दल आजवर लोकांना फक्त सांगायचं असे.

गेल्या खेपेला ती नवव्या पातळीपर्यंत धावली होती. आज चौथ्या पातळीला तिच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या रेषा तरंगायला लागल्या. बीप वाजली तेव्हा ती रेषेपासून चार पावलं मागे होती. पुढच्या बीपला सहा पावलं. मग ती खाली बसली आणि जमीन थंड लागली म्हणून तळवे टेकून तशीच राहिली.

मिसनी तिला टेबलामागे नेलं, पडद्याच्या आत. बोट टोचलं तर रक्त येईना. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून चोळला, तेव्हा कुठे एक काळपट थेंब वर आला. यंत्राच्या काचेवर आकडा उमटला. मिसनी दुसरं बोट टोचलं. तोच आकडा, शेवटच्या अंकाच्या फरकाने.

"पॉइंट एकोणपन्नास," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "गेल्या वेळी पॉइंट छत्तीस होतं. काल रात्री काय जेवलीस?"

"उपास आहे."

"कसला?"

"चर्चचा."

"तुझं चर्च कोपऱ्यावरचंच ना, हिरव्या छपराचं? माझी मावशी तिथे गाते. तिथला उपास महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी असतो." मिसनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं नाही. "आज तिसरा आहे, लुसेआने."

त्यांनी तिला नावाने हाक मारली होती. लुसेआनेने बोटावरचा कापूस दाबून धरला.

"मिस, तुम्ही म्हणाला होतात, इथे सांगितलेलं इथेच राहतं. नाव नाही, नुसता नंबर."

"हो," मिस म्हणाल्या. म्हणताना त्या यंत्र पुसत होत्या.

मग तिने सांगितलं. बुधवारी दुपारी शेवटचं जेवण. काल अर्धं संत्रं, तेही चोखून चोथा टाकलेलं. पाणी नाही. पिशवी, फेऱ्या, आत्याकडचा काटा. आज सकाळी साठ पॉइंट नऊ. सांगताना तिला लाज वाटली नाही. उलट थोडा अभिमानच वाटला, कारण हे कठीण होतं आणि ती करत होती.

"हे बघ," मिस हळू आवाजात म्हणाल्या. "पोटात काही गेलं नाही, की शरीर स्वतःलाच खायला लागतं. त्यातून हे ॲसिड निघतं. आणि पाणी नसलं की मूत्रपिंडं ते बाहेर टाकत नाहीत, धरून ठेवतात. हा आकडा तुझ्या वजनाचा नाही, तुझ्या उपासाचा आहे. समजलं? निदान बराचसा." त्यांनी कागद पुढे ओढला. "घरात कोणाला गाऊट आहे? याच ॲसिडने पायाचा अंगठा सुजतो, लाल होतो, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, असं?"

"नाही. बाबांचा पाय सुजतो, पण तो रग्बीमुळे."

मिसचं पेन थांबलं. मग त्यांनी काहीतरी लिहिलं, पिशवीतून केळं काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. लुसेआनेने ते उचललं नाही. नऊशे ग्रॅम बाकी होते.

*

अडीच वाजता तिला कार्यालयात बोलावलं.

उपमुख्याध्यापिका मिसेस डॉसन टेबलामागे बसल्या होत्या. बाजूला कालिसी मिस, मांडीवर कागद. समोर बाबा, कामावरच्या केशरी जाकिटात, उजव्या पायात रबरी चप्पल. आणि खिडकीजवळच्या चांगल्या खुर्चीत सेइनी आत्या. आत्या बसली होती म्हणून बाबा उभे होते, वजन डाव्या पायावर टाकून.

लुसेआनेने मिसकडे बघितलं. मिस कागदाकडे बघत होत्या.

"ठरावीक मर्यादेच्या वर आकडा गेला, तर आम्हाला पालकांना आणि शाळेला कळवावं लागतं," त्या म्हणाल्या. "संमतिपत्रात आहे ते. चौथ्या पानावर."

चौथ्या पानावर बाबांची सही होती. लुसेआनेने ते पान कधी पाहिलं नव्हतं.

"काळजी करू नकोस हं, बाळा," मिसेस डॉसन म्हणाल्या. "तुझ्यावर कोणी रागावलेलं नाही. कालिसी सांगतात की तुझ्या रक्तातल्या आकड्यावरून दिसतंय, तू दोन दिवस नीट खाल्लं-प्यायलेलं नाहीस. मिस्टर पाउलिआसी, तुम्हाला याची काही कल्पना?"

बाबा हसले. ते पाहुण्यांसमोर हसायचे तसे.

"आमच्या घरात? मॅडम, तुम्ही एकदा रविवारी या. आमच्याकडे जेवायला नाही म्हटलं तर आम्ही डॉक्टर बोलावतो." मिसेस डॉसनही हसल्या. "मी पहाटे कामावर जातो. तिची आई विमानतळावर साफसफाईला, चारला निघते. आम्हाला वाटतं पोरगी शाळेत खाते. हल्ली या मुली फोनवर काय काय बघतात, बारीक व्हायचं, अमकं करायचं. मी संघाचा कोच आहे. मला कळायला हवं होतं. ही चूक माझी."

शेवटचं वाक्य त्यांनी इतकं मनापासून म्हटलं, की लुसेआनेला क्षणभर वाटलं, खरंच, बुधवारी त्या पायरीवर दुसरंच कोणी बसलेलं होतं.

"तुमच्या पायाला काय झालं?" कालिसी मिसनी विचारलं.

"हा? जुनं दुखणं. घोटा मुरगळला होता, टोंगात."

तिघींच्या नजरा खाली गेल्या. लुसेआनेचीही गेली. रबरी चपलेत बाबांचा पाय उघडा होता. घोटा नीट होता, हाड वर आलेलं, कातडी कोरडी, डाव्यासारखाच अगदी. सुजलेला होता तो अंगठा. लाल, ताणलेला, चकाकणारा. ती गेली कित्येक वर्षं हा पाय क्रेटवर, उशीवर, आईच्या मांडीवर बघत आली होती आणि तिने घोट्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

"बाळा," मिसेस डॉसन म्हणाल्या, "तूच सांग. हे तुझ्या मनाने केलंस, की तुला कोणी करायला सांगितलं?"

खोलीत बाहेरच्या मैदानावरचा आवाज येत होता. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. बापाला चार लोकांत खोटं पाडायचं नसतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, चालायला जसं कोणी शिकवत नाही. पण बाबांना खोटं पाडू शकेल असं एक माणूस खोलीत होतं. आत्याच्या पर्समध्ये ती छोटी वही होती. सोमवार त्रेसष्ट पॉइंट चार, मंगळवार बासष्ट पॉइंट आठ, बुधवार बासष्ट पॉइंट एक. आत्या नुसती म्हणाली असती, 'पाउलिआसी, पुरे,' तरी बाबांनी मान खाली घातली असती आणि ते कोणाला विचित्र वाटलं नसतं.

लुसेआनेने आत्याकडे बघितलं. तिला थांबता येईल तितकी ती थांबली.

आत्याने पर्स मांडीवर नीट केली. "माझा भाऊ पोरांना उपाशी ठेवणारा माणूस नाही," ती म्हणाली. "मी त्याला लहानाचा मोठा केलाय."

"कालिसी, तुम्हाला ती काही बोलली होती का?"

मिसनी पहिल्यांदा लुसेआनेकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. "मुलं जे बोलतात ते गोपनीय असतं," त्या म्हणाल्या. "आम्हाला फक्त आकडा सांगता येतो."

"मीच केलं," लुसेआने म्हणाली. "मला बारीक व्हायचं होतं."

बाबांनी सोडलेला श्वास तिला ऐकू आला. मिसेस डॉसननी कागदावर काहीतरी लिहिलं आणि फार मायेने सांगायला लागल्या: दर गुरुवारी समुपदेशक बाई येतात, त्यांच्याशी बोलायचं, डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत सामने बंद, क्लबला शाळा कळवेल. बाबा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. शेवटी त्यांनी मिसेस डॉसनचा हात हातात घेऊन आभार मानले.

गाडीत आत्या पुढे बसली होती. तिचं घर आल्यावर ती उतरली, खिडकीशी वाकली आणि म्हणाली, "आज पोरीला गरम सूप दे." ते कोणाला सांगितलं ते स्पष्ट नव्हतं. पुढे दोन घरं बाबा अगदी हळू चालवत राहिले. घरासमोर गाडी थांबली तरी स्टिअरिंग धरून बसले.

"समजूतदार आहेस," ते म्हणाले.

लुसेआनेने दार उघडलं.

*

शनिवारी संघ तिच्याविना जिंकला, दोन गुणांनी. ती घरी होती. रविवारी चर्च झालं, अंगणातली उमू, जमिनीतली भट्टी, उघडली, गरम दगडांवरून अळूच्या पानांतलं मांस आणि रताळी वर आली, आणि सगळे चटईवर बसले. आईने पानं उलगडली तशी नारळाच्या दुधाची वाफ निघाली. आईला किती माहीत होतं हे लुसेआनेला माहीत नव्हतं. ती पहाटे चारला निघायची, सकाळी आठला परत येऊन झोपायची, आणि उठल्यावर कोणाला काही विचारायची नाही.

बाबांनी ताट ओढलं. पहिला घास त्यांचा. मग ते थांबले. आपल्या ताटातली सर्वांत मोठी गुंडाळी त्यांनी उचलली, पान न सोडवता, आणि हात लांब करून लुसेआनेपुढे धरली.

आईचा हात रताळ्यावर थांबला. बापाच्या ताटातलं पोरांनी खायचं नसतं. लहान भावंडं त्यांच्या उष्ट्या कपालाही हात लावत नसत, लावला तर घसा सुजतो म्हणून. आजवर त्या ताटातून काही या बाजूला आलं नव्हतं. बाबांना हे ठाऊक होतं. म्हणूनच ते देत होते. पानातून तेलकट दूध त्यांच्या मनगटावर ओघळत होतं.

"घे," ते म्हणाले. "कोणाला काही होत नाही."

"नको बाबा," ती म्हणाली. "पोट भरलंय."

तिचं ताट अजून कोरडं होतं.

*

बुधवारी ती मैदानावर गेली. खेळायला बंदी होती, सामान उचलायला नव्हती. तिने चेंडू काढले, शंकू मांडले आणि गोलखांबाशी उभी राहिली. संघात एक नवी मुलगी आली होती. पेसी, मोठ्या गटातली, बारा वर्षांची, रुंद खांद्यांची, सतत हसणारी. बाबांनी तिला लुसेआनेच्या जागेवर उभं केलं होतं. ती पहिल्यांदाच स्वतःच्या वयाच्या मुलींत खेळत होती आणि जो कोणी चेंडू देईल त्याला ओरडून थँक्यू म्हणत होती.

"तिला थँक्यू काय म्हणतेस, चेंडू पळव!" सायकलवाली मुलगी ओरडली. सगळ्या हसल्या. पेसी सगळ्यांत जास्त हसली, आणि मग गुडघ्यांवर हात टेकून वाकली.

सराव संपायच्या आधी ती गोलखांबाकडे आली. ओठांच्या कडांना पांढरट कोरडं साचलं होतं.

"लूसी ताई, तुझी जागा घेतली म्हणून चिडली नाहीस ना? मी फक्त एका सामन्यापुरती आहे."

"नाही. वजन किती आहे तुझं?"

पेसीने कोचकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "बासष्ट पॉइंट सात. पण कोच म्हणाले, शनिवारपर्यंत सहज. त्यांनी मला सगळं शिकवलंय." ती पुन्हा हसली. "म्हणाले, माझ्यात दम आहे."

"आज काय खाल्लंस?"

पेसीने जर्सीची बाही ओढून बोटांवर घेतली.

शिट्टी वाजली. सेइनी आत्या आइस्क्रीमचा मोठा रिकामा डबा घेऊन आली, संत्र्याच्या फोडींनी काठोकाठ भरलेला. मुली चहूबाजूंनी तुटून पडल्या. दातांत फोडी धरून केशरी ओठ दाखवू लागल्या, साली एकमेकींच्या अंगावर फेकू लागल्या. पेसीही पुढे आली. तिचा हात डब्यावर गेला आणि तिथेच थांबला. तिने मान वळवून बाबांकडे बघितलं. बाबा चेंडूंची जाळी बांधत होते. त्यांनी फक्त एकदा वर बघितलं आणि परत गाठीकडे नजर वळवली. पेसीने हात मागे घेतला, बाहीत लपवला, आणि इतर मुलींच्या विनोदाला हसली. तो विनोद तिने ऐकलेला नव्हता.

आत्याने हे सगळं बघितलं होतं. ती डबा घेऊन पुढच्या मुलीकडे वळली.

लुसेआने गोलखांबापासून निघाली. ती आत्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी डबा धरला. आत्याच्या हातातून कोणी काही घेत नसतं, ती देते तेव्हा घ्यायचं असतं. आत्याने डबा घट्ट धरून ठेवला. लुसेआनेनेही. मुलींचा गलका हळूहळू बंद पडला. कोणाच्या तरी हातातली साल गवतावर पडली.

मग आत्याची बोटं सैल झाली.

लुसेआनेने डबा पेसीपुढे नेला. पेसीची नजर पुन्हा बाजूला गेली, बाबांकडे. लुसेआनेने एक पाऊल डावीकडे घेतलं. ती दोघांच्या मध्ये आली. पाठ बाबांकडे, पाय फाकलेले, खांदे रुंद. तिच्या मागचं काही दिसत नव्हतं, जाळी नाही, बाबा नाहीत, अर्धं मैदानही नाही. पेसीने टाचा उंचावून बघायचा प्रयत्न केला. लुसेआने तसूभरही हलली नाही.

"तिकडे काय बघतेस?" ती म्हणाली. "खा."

"लुसेआने," मागून बाबांचा आवाज आला. मोठा नव्हता.

तिने मान वळवली नाही. पेसीने एक फोड उचलली. मग दुसरी, पहिली संपायच्या आत.